मास्तर आले, मास्तर गेले

श्रोतेहो, गावात शाळा असली की शाळेच्या बातम्याही असतात. नवे गुरुजी रुजू झाले, जुन्यांची बदली झाली, हेडमास्तरांचे आणि दुसऱ्या मास्तरांचे काही केल्या जमत नाही, पावसात वर्गाची भिंत खचली, अमक्याचा पोरगा स्कॉलरशिपला बसला. या बातम्या वर्तमानपत्रात येत नाहीत. त्या पारावर कळतात, पाणवठ्यावर कळतात. पुढे कोणी त्या शाळेचा इतिहास लिहायला बसले, तर मात्र यातले काहीच उरत नाही. स्थापना अमुक साली, इमारत तमुक साली, पाहुणे अमुक आले, एवढ्यावर भागते.

आज मी तुम्हांला एका कॉलेजाची हकीकत पारावरच्या या रीतीनेच सांगणार आहे. कोण आले, कोण गेले, कोणाचे कोणाशी बिनसले आणि कशावरून बिनसले. कॉलेज आहे पुण्याचे फर्ग्युसन. काळ साधारण १८८५ ते १९०५, म्हणजे वीस वर्षांचा. तुमच्यात शिक्षक मंडळी पुष्कळ आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांनी ही हकीकत जरा कान देऊन ऐकावी, कारण तिच्यातला मुख्य तंटा शिक्षकाच्या पगाराचा आणि शिक्षकाच्या वेळेचा आहे.

हेच कॉलेज का निवडले? याला एक कारण आहे. त्या काळची बाकीची बहुतेक कॉलेजे सरकारची होती, नाहीतर मिशनरी लोकांची. तिथले मास्तर नोकर होते. फर्ग्युसनचे तसे नव्हते. तिथे मास्तरच कॉलेजचे चालक होते. पगार किती घ्यायचा हे मास्तरांनी बसून ठरवायचे, नियम मास्तरांनी करायचे आणि मोडले तर जाब मास्तरांनीच विचारायचा. घर भावाभावांनी मिळून चालवायचे म्हटले, की माया जशी जास्त तशी भांडणेही जास्त. इथेही तसेच झाले.

मूळ गोष्ट १८७९ सालची. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. 'निबंधमाला' लिहून महाराष्ट्रभर गाजलेले. त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि पुण्यात स्वतःची शाळा काढायचे ठरवले. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजात दोन तरुण रात्र रात्र याच विषयावर बोलत बसत. एक बाळ गंगाधर टिळक, दुसरे गोपाळ गणेश आगरकर. दोघांचा जन्म १८५६ च्या जुलैतला, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी हा मुलगा कुठे कऱ्हाड, कुठे रत्नागिरी, कुठे अकोला, असा पायपीट करीत फिरला होता. असा मुलगा एम. ए. होणार म्हटल्यावर आईला काय वाटत असेल, सांगा. आता मामलेदारी मिळेल, निदान मुन्सफी मिळेल, चार दिवस सुखाचे येतील. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी घालवणार आहे. ते पत्र वाचून त्या माउलीने काय केले असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते. इतिहासात मुलाचे पत्र आहे, आईचे उत्तर नाही.

१८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री, टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी ही पहिली मंडळी. लवकरच वामन शिवराम आपटे येऊन मिळाले, एम. ए. झाल्यावर आगरकर आले. पुढच्याच वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली. १८८२ साली विष्णुशास्त्री गेले. वय बत्तिशीलाही पोचले नव्हते. त्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून टिळक आणि आगरकर यांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. शाळेचे दोन मास्तर तुरुंगात, म्हणजे गावात केवढी बातमी! पण शाळा ओस पडली नाही, उलट नावारूपाला आली. त्या साली शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन देशभर फिरत होते, त्यानेही शाळेची वाखाणणी केली.

मग पुढचे पाऊल. २४ ऑक्टोबर १८८४ या दिवशी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ ला गद्रे वाड्यात कॉलेज उघडले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी देणगी दिली होती, त्यांचेच नाव कॉलेजला दिले. उघडायला एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल विल्यम वर्डस्वर्थ आले होते. इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना हे नाव ओळखीचे वाटेल. त्या नावाच्या प्रसिद्ध इंग्रज कवीचे हे नातू.

पहिले प्रिन्सिपॉल झाले वामनराव आपटे. हा मनुष्य मुद्दाम सांगावा असा आहे. सावंतवाडीकडचा, लहानपणीच पोरका झालेला. कोल्हापुरात शिक्षकांनी आधार दिला म्हणून शिकला. संस्कृतमध्ये असा तयार झाला, की त्याचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतो. शाळेची शिस्त, वेळापत्रक, परीक्षा, निकाल, हे सारे आपट्यांच्या अंगावर. सभेत टाळ्या दुसऱ्यांना पडत. तास वेळेवर सुरू होई, तो मात्र आपट्यांमुळे. प्रत्येक शाळेत असा एक जण असतो. तुमच्या शाळेत कोण आहे ते तुम्हीच आठवा.

टिळक गणित शिकवीत. फळ्यावर एकेक पायरी लिहून दाखवायची त्यांना सवय नव्हती. निम्मे गणित तोंडीच व्हायचे. हुशार पोरे खूश, बाकीची घामाघूम. आगरकर इतिहास आणि तर्कशास्त्र शिकवीत. दम्याने जीव हैराण, पण बोलू लागले की विद्यार्थी हलत नसत. वासुदेवराव केळकर इंग्रजी शिकवीत, 'त्राटिका' हे नाटक लिहिणारे तेच. नामजोशींचा पाय वर्गात फारसा ठरत नसे. संस्थानिकांच्या दरबारी जाऊन पैसा आणावा तो त्यांनीच.

आणि याच १८८५ साली एक एकोणीस वर्षांचा पोरसवदा मास्तर शाळेत आला. कोतळूकचा जन्म, कागलात वाढलेला. नाव गोपाळ कृष्ण गोखले. पुढच्या वर्षी तो सोसायटीचा आजीव सदस्य झाला. कॉलेजात याने इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, इतिहास शिकवला, अर्थशास्त्रही शिकवले. मास्तर कमी पडला की गोखल्यांना उभे करा, अशी रीतच पडली. सोबती थट्टेने म्हणत, की हा मागणीप्रमाणे पुरवठा करणारा प्रोफेसर आहे. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत घेऊन बसणाऱ्या गुरुजींना ही थट्टा बरोबर कळेल.

आता 'आजीव सदस्य' म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळ्या भांडणाचे मूळ तिथे आहे. सोसायटीत येणाऱ्याने वीस वर्षे तिचीच सेवा करायची. पगार बेताचा. पुढे तो महिना पंचाहत्तर रुपयांवर स्थिर झाला. मरणानंतर बायकापोरे उघड्यावर पडू नयेत म्हणून आयुष्याचा विमा सोसायटीने उतरायचा. शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंतची जी उतरंड सरकारी खात्यात असते, ती इथे नाही. प्रिन्सिपॉल आपटे आणि काल आलेला गोखले, सदस्य म्हणून सारखेच.

ही कल्पना टिळकांच्या मनात फार पक्की बसली होती. ते जेझुइट पाद्र्यांचा दाखला देत. ते लोक घरदार सोडून येतात, साधे राहतात, संघाने दिले तेवढे घेतात आणि सारा वेळ संघाच्या कामाला देतात. म्हणून त्यांच्या शाळा टिकतात. आपणही तसेच राहावे. बाहेरून कोणी काही मिळवले, तर ते समाईक गाडग्यात घालावे. एखाद्याची अडचण खरी असेल, तर तेवढ्यापुरती सोसायटीने भागवावी. पण प्रत्येकाने आपली चूल वेगळी मांडू नये.

ऐकायला हे सोपे आहे. पण जेझुइटाला बायकोमुले नसतात, आणि इथे प्रत्येकाच्या घरी होती.

१८८७ च्या सुमारास आगरकरांच्या बाजूने सूचना आली, की घरची माणसे वाढली, पगारात पाच रुपये वाढवावेत. फक्त पाच. टिळकांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे, आज पाच, उद्या दहा, मग आपण आणि सरकारी नोकर यांत फरक तो कोणता? आगरकरांना ते झोंबले. टिळकांच्या घरी थोडीफार वडिलार्जित जमीन होती, आगरकरांकडे काही नव्हते. ज्याच्या घरी दाणा आहे त्याने उपासाचे माहात्म्य सांगावे, असे आगरकरांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. पुढे होळकर महाराजांकडून आलेल्या एका रकमेवरूनही वाजले. ती ज्याची त्याने घ्यायची, की सोसायटीच्या खात्यात जमा करायची?

पण पाच रुपयांवरून भांडण झाले, असे कोणी तुम्हांला सांगितले तर विश्वास ठेवू नका. पाच रुपये हे निमित्त. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, यावरून दोघा मित्रांची मने आधीच दूर गेली होती. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला. १८८८ साली स्वतःचा 'सुधारक' काढला, त्याची इंग्रजी बाजू गोखले पाहू लागले. म्हणजे बघा, एका कॉलेजातले मास्तर सकाळी एकाच खोलीत हजेरीपत्रकावर सह्या करणार आणि आठवड्याच्या शेवटी एकमेकांवर अग्रलेख लिहिणार. सनातनी लोकांनी तर आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली, त्यांच्या घरावरून. त्यांनी ती पाहिली आणि दुसऱ्या दिवसाचा लेख लिहायला घेतला असेल, असा त्यांचा एकूण पिंड.

आता वेळेचा प्रश्न. आपटे कोश लिहीत. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालू लागले. नामजोशी उद्योगधंद्यांच्या खटपटीत. टिळक आणि आगरकर वर्तमानपत्रात. प्रत्येकाचा एक हात कॉलेजात आणि दुसरा बाहेर. मग दोषी कोण आणि निर्दोष कोण? टिळक म्हणत, वर्तमानपत्र हे आरंभापासून आपल्या सर्वांच्या ठरलेल्या कामाचा भाग होते. दुसरी बाजू म्हणे, शिकवणे चोख केल्यावर उरलेला वेळ माणसाचा स्वतःचा. त्याने त्यात लोकसेवा केली तर बिघडले कुठे?

हा वाद पेटला तो गोखल्यांवरून. १८९० साली त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले. सभा म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांनी नावारूपाला आणलेली, पुण्याच्या राजकारणाचे केंद्र. चिटणीसपद म्हणजे मोठे काम, सभेचे त्रैमासिकही आलेच. टिळकांनी हरकत घेतली, की आजीव सदस्याला हे करता येत नाही. सभासदांच्या बैठकीत बहुमत टिळकांच्या बाजूने नव्हते. ऑक्टोबरात त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात आपली सारी बाजू मांडणारे लांबलचक निवेदन लिहून दिले. दहा वर्षांचा हिशेब आहे त्यात. कोणी काय बोलले, कोणता नियम कधी ठरला, कोणी कधी मोडला. रागाने लिहिलेले आहे, पण त्याहून अधिक दुःखाने. आपण आयुष्याचे ध्येय मानलेली गोष्ट सोडून जातो आहोत, हे त्यांनी लपवलेले नाही.

टिळकांचे वय तेव्हा चौतीस, आगरकरांचेही चौतीस, गोखल्यांचे चोवीस. म्हणजे तुमच्या शाळेतल्या साध्या मास्तरांच्या वयाची ही मंडळी. पुतळे पाहून पाहून आपण हे विसरतो.

बाहेर पडलेल्या टिळकांना आता पोट भरायचे होते. 'केसरी'चा छापखाना कर्जात होता. त्यांनी वकिलीच्या परीक्षेचा वर्ग काढला आणि लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात भागीदारी घेतली. शिक्षकाने दुसरी मिळकत करू नये म्हणून ज्याने कॉलेज सोडले, त्याला दोन-दोन धंदे करावे लागले. विरोधकांना हसायला ही जागा होती. पण मला विचाराल तर त्यात विसंगती नाही. तो माणूस आता संस्थेचा नव्हता. संस्थेत असताना जो नियम त्याने मागितला तो संस्थेसाठी होता.

टिळक गेले आणि गणिताचा तास रिकामा पडला. आता पोरांना गणित कोण शिकवणार? गोखल्यांना आपल्या एल्फिन्स्टन कॉलेजातल्या एका सोबत्याची आठवण झाली. मुंबईत या शाळेतून त्या शाळेत आणि या शिकवणीवरून त्या शिकवणीवर धावपळ करणारा एक मास्तर. कोकणातल्या मुरूड गावचा. मुलकी परीक्षेसाठी हा लहानपणी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला होता, आणि चणीने लहान दिसतो म्हणून तिथल्या साहेबांनी त्याला परीक्षेला बसू दिले नव्हते. १८९१ च्या अखेरीस हे गृहस्थ फर्ग्युसनमध्ये टिळकांच्या जागी गणित शिकवू लागले. धोंडो केशव कर्वे.

बदलीवर आलेल्या मास्तराकडे गावाचे लक्ष जसे असते, तसे पुण्याचे यांच्याकडे असणारच. आधीच्या बुद्धिमान गुरूच्या जागी हा बोलायला साधा, अंगाने बारीक, फळ्यावर सावकाश पायरी पायरी लिहिणारा माणूस. आणि १८९३ च्या मार्चमध्ये याने बातमी करून सोडली. पत्नी आधीच वारली होती. त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी उघडपणे लग्न केले. मुरूड गावाने वाळीत टाकले. गावी गेले तर सख्ख्या आईलाही त्यांच्याबरोबर राहता येईना. कॉलेजने मात्र त्यांना अंतर दिले नाही. आजीव सदस्याला कोणी हाकलू शकत नव्हते. मालक नव्हता ना! या एका गोष्टीचे मोल किती, हे वरच्याच्या मर्जीवर नोकरी केलेल्या शिक्षकाला सांगायला नको.

मधल्या काळात कॉलेजवर आघात झाले होते. १८९२ च्या ऑगस्टमध्ये आपटे गेले, वय चौतीस. त्यांच्या जागी आगरकर प्रिन्सिपॉल झाले. तीन वर्षांत, १७ जून १८९५ ला, तेही गेले, वय एकोणचाळीसही पूर्ण नाही. त्यांच्या उशाशी एका पुरचुंडीत वीस रुपये सापडले. आपल्या अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून बांधून ठेवलेले. पाच रुपयांची वाढ मागणारा माणूस हा असा होता. टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना ते पुनःपुन्हा थांबत आणि डोळे पुसत, असे सांगतात.

याच वर्षी कॉलेज शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी नव्या इमारतीत गेले. आज फर्ग्युसन म्हटले की जी दगडी इमारत डोळ्यांपुढे येते ती. या इमारतीसाठी झोळी घेऊन फिरले ते गोखले. सुटी लागली की बाकीचे गावी जात, हे वर्गणीला निघत. कोणी अपमान केला, कोणी तासन्‌तास ओसरीवर बसवून ठेवले. शाळेच्या खोलीसाठी गावात वर्गणी मागितलेल्या माणसाला यातले काही नवे नाही. आगरकरांच्या मागे महादेव शिवराम गोळे प्रिन्सिपॉल झाले. नंतर प्लेग आला. त्या वर्षांत पुणे ओस पडत होते, कॉलेजचे काय सांगावे.

कर्व्यांकडे परत येतो, कारण भांडणाचा खरा निकाल त्यांच्या हकीकतीत आहे, असे मला वाटते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवा मुलींना शिकवायचे. पुण्यात जागेला विरोध, म्हणून १९०० साली गावाबाहेर हिंगण्याला झोपडीत नेला. दिवसा कॉलेजात गणित. तास संपले की चालत हिंगणे, चिखलातून, कधी सामान उचलून. रात्री मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा कॉलेज. पगारातून उरे ते आश्रमाला, विम्याची पॉलिसी आश्रमाला. असे करत १९१४ पर्यंत त्यांनी कॉलेजची नोकरी केली.

आता टिळकांचा नियम लावा. आजीव सदस्याचा सारा वेळ संस्थेचा. मग हिंगण्याचा तो रस्ता बंद. म्हणजे १९१६ चे महिला विद्यापीठही नाही, आणि ज्या शेकडो मुली तिथे शिकल्या त्यांचे काय झाले असते ते सांगायला नको. गोखल्यांना लावा. सार्वजनिक सभा नाही, १८९७ चा विलायतेतला वेल्बी कमिशनपुढचा जबाब नाही, कायदे कौन्सिल नाही. इतके असूनही मी नियमाला चूक म्हणणार नाही. गोखले बाहेर असत तेव्हा त्यांचे तास कोणी तरी घेतच होता ना? त्याचे नाव इतिहासात नाही. एक मास्तर देशसेवेला गेला की दुसऱ्याच्या वाट्याला दोन वर्ग येतात. टिळक त्या दुसऱ्या मास्तराच्या बाजूने बोलत होते, असे मी समजतो.

१९०२ साली गोखले निवृत्त झाले. अठरा वर्षे शिकवून झाली होती. कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात त्यांची निवड झाली होती, आणि आता दोन्ही ठिकाणी पाय ठेवणे त्यांनाच प्रशस्त वाटेना. विद्यार्थ्यांचा निरोप घेताना त्यांना फार जड गेले.

एक गेला, एक आला. त्याच वर्षी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे परत आले. हा कोकणातल्या मुर्डी गावचा मुलगा, कर्व्यांचा आप्त, याच कॉलेजात शिकलेला. १८९६ साली केंब्रिजला जाताना वचन देऊन गेला होता, की परत येऊन सोसायटीचा आजीव सदस्य होईन. १८९९ साली तो केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या जागेचा मानकरी, म्हणजे सीनियर रँग्लर ठरला. हा मान मिळवणारा पहिला हिंदी मनुष्य. देशभर जयजयकार झाला. सरकारी नोकरीची दारे उघडी होती. हा पंचाहत्तर रुपयांवर आला आणि सव्विसाव्या वर्षी प्रिन्सिपॉल झाला. दिलेल्या शब्दाप्रमाणे आला, यापलीकडे त्याने त्याचा फारसा गाजावाजा केला नाही.

पण गुण आणि शिस्त एकत्र आली की विद्यार्थ्यांशी खटके उडतातच. १९०५ च्या ऑक्टोबरात विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल परांजप्यांनी विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. 'केसरी'ने प्रिन्सिपॉलांवर सडकून टीका केली. ज्यांनी कॉलेज काढले त्यांनीच कॉलेजच्या प्रमुखाला धारेवर धरले. पंधरा वर्षे झाली तरी टिळकांचे लक्ष त्या आवारातून हलले नव्हते, असाच याचा अर्थ.

आता शेवटची बातमी, ती या होळीच्या चार महिने आधीची. १२ जून १९०५. कॉलेजच्या मागच्या टेकडीवर चार माणसे सकाळी चढून गेली. एक गोखले. बाकीचे तिघे तरुण: नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन आणि गोपाळ कृष्ण देवधर. तिथे भारत सेवक समाजाची स्थापना झाली. समाजात येणाऱ्याने सात शपथा घ्यायच्या होत्या. त्यांतली एक अशी, की समाज माझ्या आणि माझ्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तजवीज करील तीत मी समाधान मानीन, आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात माझ्या शक्तीचा कोणताही भाग खर्च करणार नाही.

शिक्षक मंडळींनो, हे शब्द कोणाचे वाटतात? आशय तोच, जो टिळकांनी १८९० च्या त्या बैठकीत मागितला होता आणि जो गोखल्यांच्या बाजूने असलेल्या बहुमताने नाकारला होता. टेकडीवरून खाली पाहिले की कॉलेजची दगडी इमारत दिसते. गोखल्यांनी शपथ आधी स्वतः घेतली, मग त्या तिघांना दिली.